कहरुबा : कुटार ओढणारा मणी

आमच्या नानींच्या पेटीत एक पिवळा मणी आहे. घरात तान्ह्या बाळाचे डोळे पिवळे दिसले की नानी तो काळ्या धाग्यात ओवून गळ्यात बांधायला लावत. पिवळ्यावर पिवळं, असा हिशेब. त्याला त्या कहरुबा म्हणतात. मागच्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीच्या मुलीला कावीळ झाली आणि पेटी पुन्हा उघडली.

फारसीत काह म्हणजे वाळलेलं गवत, रुबा म्हणजे पळवून नेणारा. आपल्या वऱ्हाडीत कुटार ओढणारा! संस्कृतातही त्याचं नाव तृणमणीच. लोकरीवर घासला की काडी, कापसाचा तंतू त्याला येऊन चिकटतो. ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणत. विजेचं इंग्रजी नाव त्यावरूनच पडलं. हा दगड नव्हे, झाडाची राळ आहे. बाल्टिक समुद्राकाठची राळ तर 4 कोटी वर्षांहून जुनी. (अत्तरातला अंबर वेगळा, तो देवमाशाच्या पोटातला.)

या बाल्टिक राळेचे शेकडो मणी ग्रीसमध्ये मायसीनीच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कबरींत सापडले. इ.स. 79 मध्ये वारलेला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की लेकरांना हा तावीज म्हणून बांधतात आणि उत्तर इटलीतल्या खेड्यांतल्या बायका गळ्याच्या सुजेवर त्याची माळ घालतात. सहाव्या शतकात इंग्लंडमध्ये बायकांना या मण्यांसह पुरत. दहाव्या शतकातला भूगोलकार अल-मक्दिसी ख्वारिज्मच्या बाजारातल्या मालात मेण, मध, तलवारींसोबत कहरुबाही मोजतो. आपल्या विदर्भातले जुने मणी मात्र अकीकाचे. नागपूरजवळ माहुरझरीच्या महापाषाणकालीन दफनांत ते निघाले आहेत.

बहिणीला आम्ही सांगितलं, बाळाच्या गळ्यात मणी नको, तुटला तर घशात जाईल, आधी दवाखाना. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवल्यावर बाळ घरी आलं.

मग आम्ही मणी तपासला. मीठ विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात घालायचं. कहरुबा त्यावर तरंगतो, काच बुडते. काही प्लास्टिकही तरंगतं, म्हणून नुसत्या तरंगण्यावर विसंबू नये. आमचा मणी सरळ तळाशी गेला.

नानी वाटीत पाहत राहिल्या. “तेरी माँ को भी यहीच बांधी थी मैं,” म्हणाल्या, आणि मणी पुसून पेटीत ठेवला.