रविवारी डोंगरगड, सुट्टीत बस्तर. सॅक मात्र एकच!

भिलाईहून रविवारी डोंगरगडला निघायचं ठरलं, की हाताशी मुलाचं दप्तरच सापडतं. दिवाळीच्या सुट्टीत चित्रकोट नाहीतर कान्हा ठरलं, की तेच दप्तर अपुरं पडतं. दोन सॅक घेणं सगळ्यांना कुठे परवडतं? मग एकच घ्यायची, तर कशी?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकाऱ्याच्या पिशवीतली काडतुसं गेली, दुर्बीण आणि कॅमेरा आला. ओझं मात्र तेवढंच राहिलं.

साधारण ३५ ते ४० लिटरची सॅक दोन्हीकडे चालते. पण तिला बाजूने आवळायचे पट्टे हवेतच. ते ओढले, की अर्धी रिकामी सॅकही पाठीला चिकटून राहते. त्याहून महत्त्वाचा रुंद कमरपट्टा. ओझं खांद्यांनी नव्हे, कमरेच्या हाडांनी पेलायचं असतं. डोंगरगडच्या हजारावर पायऱ्या चढताना हे चांगलंच कळतं!

माप उंचीवरून घेऊ नका. मान खाली घातल्यावर हाताला लागणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत पाठ मोजा. नवरा-बायको दोघंही वापरणार असतील, तर पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारीच घ्या.

रिकामी सॅक दुकानात सगळ्यांनाच छान वाटते. तिच्यात पाच-सहा किलो वजन भरून दहा मिनिटं चाला. खिशांच्या गर्दीला भुलू नका, पट्ट्यांची शिवण ओढून पाहा. आणि पावसाचं कव्हर असलं, तरी कपडे आत प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवा.