मलिकशाहनंतरची भाऊबंदकी आणि पहिलं क्रुसेड

मागच्या वेळी आपण सेल्जुक साम्राज्याचा विस्तार पाहिला. आज प्रश्न असा, की 1097 साली युरोपातून आलेल्या थकल्या-भागल्या फौजा एवढ्या मोठ्या सत्तेच्या मुलखात टिकल्या कशा? उत्तरासाठी आपल्याला पाच वर्षं मागे जावं लागतं.

ऑक्टोबर 1092 मध्ये वजीर निजाम-उल-मुल्क याचा खून झाला. पुढच्याच महिन्यात सुलतान मलिकशाह बगदादला वारला. कारभार पाहणारा गेला आणि मालकही गेला. त्यांच्याकडे राज्य थोरल्या मुलालाच मिळावं असा पक्का नियम नव्हता; घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाला हक्क सांगता येई. राणी तुर्कान खातूननं आपल्या चार-पाच वर्षांच्या महमूदला गादीवर बसवलं. वजिराच्या माणसांनी थोरल्या बरकियारुकला पुढे केलं. सीरियातून मलिकशाहचा भाऊ तुतुशही उतरला. तो 1095 मध्ये रय शहराजवळच्या लढाईत मारला गेला. मग त्याच्या मुलांनी सीरिया वाटून घेतला: रिदवान अलेप्पोला, दुकाक दमास्कसला. दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले!

आता या भाऊबंदकीचा लढाईवर काय परिणाम झाला ते बघू. ऑक्टोबर 1097 मध्ये क्रुसेडरांनी अँटिऑकला वेढा घातला. डिसेंबरअखेर दुकाक मदतीला आला, हरला. फेब्रुवारीत रिदवान आला, तोही हरला. हे दोघे एकत्र आले असते तर? खात्रीनं सांगता येत नाही. पण वेढा घालणारे तेव्हा उपासमारीनं अर्धमेले झाले होते, एवढं नक्की. बरकियारुक स्वतः इराणातल्या भांडणांत अडकलेला. शेवटी मोसुलचा करबुगा मोठी फौज घेऊन निघाला. वाटेत एडेसापुढे त्यानं तीन आठवडे घालवले. तेवढ्यात, 3 जून 1098 ला, शहर पडलं. 28 जूनच्या लढाईत त्याच्याच बाजूचे अमीर, दुकाकसकट, मैदान सोडून गेले. करबुगा जिंकला तर उद्या आपल्याच डोक्यावर बसेल, ही त्यांना धास्ती!

जेरुसलेमचीही तीच गत. सेल्जुकांची ताकद ओसरलेली पाहून इजिप्तच्या फातिमी सत्तेनं ते 1098 मध्ये घेतलं, आणि 15 जुलै 1099 ला क्रुसेडरांनी फातिमींकडून.

क्रुसेडरांची चिकाटी आपण नाकारत नाही. पण ‘धर्म विरुद्ध धर्म’ एवढ्यावर थांबलो, तर करबुगाला सोडून गेलेले ते अमीर आपल्याला समजतच नाहीत. त्यांना समोरच्या शत्रूपेक्षा शेजारचा भाऊबंद जास्त धोक्याचा वाटत होता.