ठोकळ्या पायांची तिरकी अक्षरे

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भिंतींवर जागेसाठी चढाओढ होती. सरकारी लॉटरी, नाटकांचे खेळ, बुटांचे पॉलिश, साऱ्यांनाच रस्त्यापलीकडून वाचता येईल असे अक्षर हवे होते. बोडोनी टाइपातल्या केसाएवढ्या बारीक रेषा तिथे कुचकामी होत्या. १८१५च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स या टाइप ओतणाऱ्या कारागिराने अक्षरांच्या टोकांना दांड्याइतकेच जाड, चौकोनी पाय दिले. स्लॅब सेरिफची ही सुरुवात.

हे अक्षर जात्याच ठाम उभे राहणारे. तिरक्या इटॅलिकचे घराणे निराळे. १५०१ साली व्हेनिसमध्ये फ्रान्चेस्को ग्रिफोने आल्डस मनुशियससाठी कोरलेले इटॅलिक हस्ताक्षरावर बेतलेले होते. त्यात लेखणी न थांबता पुढच्या अक्षराकडे सरकते. एक पाय रोवते, दुसरे पुढे निघते. या दोघांना एकत्र नांदवायचे, तेही भरघोस जाडीत, हे अक्षरकाराच्या कसोटीचेच काम.

बऱ्याचदा ते टाळलेही गेले. १८४५ साली रॉबर्ट बेस्लीच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीने क्लॅरेंडन हा स्लॅब सेरिफ टाइप नोंदवला. कायद्याचे संरक्षण होते तीन वर्षांचे, ते संपताच नकलांचा पूर आला. साध्या मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा म्हणून क्लॅरेंडन वापरत. जोर द्यायला जाडी पुरेशी होती. वर तिरकेपणाची गरज फारशी भासली नाही.

मग तिरके करायचे तर कसे? सर्वांत सोपी वाट म्हणजे उभे अक्षर कलते करणे. पण नुसते ढकललेले 'ओ' जवळून पाहावे. वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात ते फुगते, उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक होते. बारीक टाइपात हे खपून जाते. हातभर उंचीच्या फलकावर ते अक्षर वाकडे वाटते. म्हणून चांगला अक्षरकार प्रत्येक वळण पुन्हा रेखाटतो. 'एन'च्या दोन खांबांमधले पाय जाड वजनात एकमेकांना भिडू लागतात, तेव्हा ते आखूड करावे लागतात किंवा आतल्या बाजूचे काढूनच टाकावे लागतात.

मोनोटाइप कंपनीच्या १९३४च्या रॉकवेल या स्लॅब सेरिफचे इटॅलिक पहिल्या वाटेचे, म्हणजे कललेल्या उभ्या अक्षरांचे. हॉफ्लर आणि फ्रेअर-जोन्स यांच्या २००९च्या सेंटिनलने दुसरी वाट धरली: क्लॅरेंडनच्या घराण्याला हक्काचे इटॅलिक दिले, अगदी जाड वजनापर्यंत. मथळ्यात वजनासोबत गतीही हवी असेल, तर ही दुसरी वाट निःसंशय सरस.

देवनागरीत मात्र अजून पहिल्याच वाटेवर रहदारी आहे. बहुतेक फॉन्टना स्वतंत्र तिरके रूप नसते. बटण दाबले की सॉफ्टवेअर उभे अक्षर ढकलते. शिरोरेषा आडवीच राहते, काना कलतो आणि जाड 'ठ'चा गोल लंबुळका होऊन उजवीकडे वर ताणला जातो.