सर्व्हर फुकट, पण वहीची किल्ली कोणाकडे?

ब्राह्मणपुरी, शहादा, तळोदा या पट्ट्यातील कापडाच्या धंद्यात माल सुरत, मालेगाव, इचलकरंजीकडून येतो आणि बराचसा उधारीवर जातो. कापूस, केळी, पपईचे पैसे शेतकऱ्याच्या हाती आले की उधारी वसूल होते. त्यामुळे आम्हा दुकानदारांना गल्ल्याइतकीच खातेवही मोलाची. ही वही आता संगणकात गेली आहे, आणि संगणकात गेलेली वही नेमकी कोणाच्या ताब्यात असते, हा प्रश्न आमच्या व्यापारी व कारीगर बांधवांपुढे उभा आहे.

हल्ली कोणी होतकरू प्रोग्रामर दुकानात येतो आणि सांगतो, "शेठ, तुमच्यासाठी वेब अप्लिकेशन तयार करून देतो. गल्ल्यावर, गोदामात, मोबाइलवर, कुठेही उघडा. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचा एक पैसाही लागणार नाही." त्याचे म्हणणे खोटे नसते, पण ते अर्धेच असते. उरलेला अर्धा भाग समजून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

तीन वस्तू, तीन मालक

अशा व्यवस्थेत तीन वस्तू असतात. पहिली, प्रोग्रामरने लिहिलेले अप्लिकेशन. दुसरी, ते अप्लिकेशन चालविणारे सॉफ्टवेअर, म्हणजे रनटाइम सर्व्हर. तिसरी, आपला डेटा. त्यात खाती, बिले, साठा आणि उधारी सारे आले. दुकानातील एका संगणकावर या तिन्ही वस्तू बसवतात आणि बाकीचे संगणक व मोबाइल वायफायवरून ब्राउझरमध्ये तेच काम उघडतात.

जावा भाषेतील अप्लिकेशनसाठी टॉमकॅट नावाचा सर्व्हर पुष्कळ वापरतात. प्रोग्रामर आपले काम 'वॉर' नावाच्या एकाच फाइलमध्ये बांधून आणतो. ती फाइल टॉमकॅटच्या 'वेबअ‍ॅप्स' फोल्डरमध्ये टाकली की सर्व्हर ती स्वतः उलगडतो आणि काम सुरू होते. मात्र त्या फाइलमध्ये सहसा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर नसतो. तो यंत्रासाठी आधीच रूपांतरित, म्हणजे कंपाइल केलेला असतो. मूळ मजकुराला सोर्स कोड म्हणतात, आणि तो प्रोग्रामरच्या घरी राहतो.

आमच्या विणकर बांधवांना हे लगेच उमगेल. जॅकार्ड मागावर नक्षी काढायची तर आधी चौकटीच्या कागदावर नक्शा उतरवतात आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात. माग फक्त कार्डे ओळखतो. तुमच्याकडे कार्डे असतील तर तीच नक्षी हजार वेळा विणता येईल. पण बुट्टा बदलायचा, पदर रुंद करायचा, तर नक्शा हवा. फुकटचा सर्व्हर म्हणजे फुकट मिळालेला माग, कंपाइल केलेली फाइल म्हणजे कार्डे आणि सोर्स कोड म्हणजे नक्शा. माग फुकट मिळाला म्हणून नक्शा आपला होत नाही.

'फुकट' शब्दाच्या अटी

मागही सदैव त्याच अटींवर फुकट राहील, असे नाही. टॉमकॅट हा अपाची परवान्याखाली मिळतो. धंद्यासाठी वापरा, शुल्क नाही. मारियाडीबी हा डेटाबेस जीपीएल परवान्याखाली मिळतो. जावाची गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओरॅकल कंपनीने जानेवारी २०१९ नंतर जावा ८ ची नवी सुधारणा-पॅकेजे व्यापारी वापरासाठी विनाशुल्क देणे बंद केले आणि जानेवारी २०२३ मध्ये वर्गणीची आकारणी कंपनीच्या एकूण नोकरसंख्येवर नेली. त्याच जावाची ओपनजेडीके ही खुली आवृत्ती मात्र आजही विनाशुल्क मिळते. दुकानाच्या संगणकावर यांपैकी कोणती बसवली आहे, हे बिलावर लिहून घेतले म्हणजे वाद उरत नाही.

काही वस्तू फुकट असतात, पण मापात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची एक्स्प्रेस आवृत्ती विनाशुल्क आहे, पण २०२२ च्या आवृत्तीपर्यंत तिच्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती. वर्षानुवर्षे बिलांची चित्रे त्यात साठवत गेल्यास ही मर्यादा एक दिवस आडवी येतेच.

जुन्या व्यापाऱ्यांना फॉक्सप्रो आठवत असेल. गावोगावच्या प्रोग्रामरांनी त्यात हिशेबाची पॅकेजे बांधून दिली. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा रनटाइमही विनाशुल्क होता. त्याची शेवटची आवृत्ती २००४ साली आली, पुढची काढणार नसल्याचे मायक्रोसॉफ्टने २००७ साली जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये आधारही संपला. ज्यांच्याकडे सोर्स कोड होता त्यांना काम नव्या पद्धतीत नेण्याची वाट होती. ज्यांच्याकडे फक्त तयार फाइल होती, ते जुना संगणक जिवापाड जपत बसले. आजही तोच धोका आहे. टॉमकॅट ९ साठी बांधलेले अप्लिकेशन टॉमकॅट १० वर जसेच्या तसे चालत नाही, कारण आतील नावे बदलली आहेत. रूपांतराची वेगळी पायरी लागते, आणि ती कोण करणार हे आधी ठरलेले बरे.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात संगणक प्रोग्राम हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली साहित्यकृती मानला जातो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून प्रोग्राम लिहिला तर, वेगळा करार नसल्यास, हक्क मालकाचा. पण बाहेरच्या प्रोग्रामरने ठोक रकमेवर काम करून दिले तर, लेखी हस्तांतर नसल्यास, हक्क साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. "पैसे दिले, म्हणजे माल आपला" हा कापडाचा नियम येथे लागू पडत नाही. आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना.

हक्क विकत घ्यायचा असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी व सहीनिशी हस्तांतर हवे. त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचेच समजले जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. तोंडी व्यवहाराला येथे किंमत नाही. कायदेशीररीत्या घेतलेल्या प्रोग्रामची, नुकसानीपासून बचाव म्हणून, राखीव प्रत ठेवण्यास कलम ५२ मुभा देते. उलट चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास कलम ६३-ब खाली सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. "सगळेच वापरतात" हे उत्तर तेथे चालत नाही.

जीएसटीचा नियम याहून जवळचा. हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. हिशेब संगणकात असेल तर त्याची राखीव प्रत अशी ठेवावी लागते की अपघात झाल्यास माहिती वाजवी वेळेत परत उभी करता येईल. अधिकाऱ्याने मागितल्यास फाइली, त्यांचे पासवर्ड आणि वापरलेल्या सांकेतिक शब्दांचा खुलासाही द्यावा लागतो. पासवर्ड प्रोग्रामरकडे आणि प्रोग्रामर पुण्याला किंवा आखातात नोकरीला गेलेला, ही सबब कोण ऐकणार?

दोन रस्ते, दोन्ही धंद्यातूनच निघालेले

बंद कोडचे सॉफ्टवेअर घेणे म्हणजे फसणे, असे मात्र कोणी समजू नये. टॅली हे त्याचेच उदाहरण. कापड गिरण्यांना सामान पुरविणाऱ्या श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या हिशेबासाठी मनाजोगे सॉफ्टवेअर मिळाले नाही, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ते तयार केले. १९८६ साली बंगळूरमध्ये हा उद्योग सुरू झाला. त्याचा सोर्स कोड ग्राहकाला मिळत नाही, पण ते जाणणारा मुनीम तालुक्याच्या गावीही सापडतो. एका माणसावर सारे अडत नाही.

दुसरा रस्ता मुंबईचा. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून ईआरपीनेक्स्ट उभे केले. ते जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुले आहे. ते आपल्या संगणकावर बसविण्यास परवाना शुल्क नाही. बसवून देणारा आपली मजुरी घेईल, आणि ती त्याने घ्यावीच. पण त्यात फेरबदल करून त्याने आपल्याला प्रत दिली तर त्या फेरबदलाचा सोर्स कोड मागण्याचा हक्क हाच परवाना आपल्याला देतो. येथे माग आपला, नक्शाही आपला.

धोका आहे तो तिसऱ्या प्रकारात. एकाच माणसाने एकाच दुकानासाठी बांधलेले, कंपाइल केलेले, लिखापढी नसलेले अप्लिकेशन. ते घ्यायचे असेल तर पुढील मुद्दे कागदावर यावेत.

१. परवाना कायमचा की वार्षिक? वर्गणी थांबल्यास निदान जुना हिशेब पाहता येईल का?

२. परवान्याची किल्ली एका संगणकाला बांधलेली आहे का? संगणक जळाल्यास नवी किल्ली किती दिवसांत आणि किती पैशांत?

३. किती जणांनी, किती दुकानांत वापरायचे?

४. रनटाइम, जावा आणि डेटाबेस यांची नावे, आवृत्त्या व परवाने कोणते?

५. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड मालकाकडे असेल का? सर्व खाती एक्सेलमध्ये, आणि मराठी-उर्दू नावे युनिकोडमध्ये बाहेर काढता येतील का? जुन्या खास फॉण्टमधील नावे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसतात.

६. सोर्स कोड द्यायचा नसेल तर तो मोहोरबंद पेनड्राइव्हवर वकिलाकडे किंवा हिशेबनिसाकडे अमानत ठेवावा. प्रोग्रामरने काम सोडल्यास तो दुकानदाराला मिळावा, ही अट लेखी असावी. कोड बदलला की पेनड्राइव्हही बदलावा.

प्रोग्रामरचीही बाजू आहे. तोच कोड चार दुकानांना विकून त्याचे घर चालते, म्हणून तो फुकटात मागणे रास्त नाही. अमानतीच्या अटीने त्याची कमाई सुरक्षित राहते आणि आपली वहीही.

बसविताना दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. दुकानातच वापर असेल तर तो सर्व्हर इंटरनेटकडे उघडा ठेवू नये आणि सुरुवातीचे पासवर्ड लगेच बदलावेत. लोडशेडिंगच्या आपल्या भागात त्या संगणकाला यूपीएस हवाच. डेटाची प्रत रोज घ्यावी आणि एक प्रत दुकानाबाहेर, घरी असावी.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. दुसरा रिकामा संगणक आणावा, प्रोग्रामरला समोर बसवावे आणि रनटाइम, अप्लिकेशन व कालच्या डेटाची प्रत त्यावर नव्याने बसवायला सांगावी. प्रत्येक पायरी मुलाने किंवा मुनिमाने वहीत उतरवून घ्यावी. त्या संगणकावर कालची उधारी पैशापैशाने जुळली, तर वही आपल्या ताब्यात आहे. हप्ता तेव्हाच मोजून द्यावा.