लिलावाची नोटीस छापून आली की...

‘लिलाव झाला तरी पैसे भरले की जागा सुटते,’ हा थकबाकीदारांमधला सर्वांत महागडा गैरसमज. 2016 पर्यंत त्याला थोडाफार आधार होता. त्या वर्षी सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकांना थकलेल्या कर्जापोटी गहाण मालमत्ता विकू देणाऱ्या कायद्याच्या, कलम 13(8) मध्ये दुरुस्ती झाली आणि तो आधार गेला.

नवी मुंबईतल्या एमआयडीसीतल्या एका भूखंडाचं प्रकरण पाहा. बाफना मोटर्सनं युनियन बँकेकडून 100 कोटींचं कर्ज घेतलं, ते थकलं. जून 2023 मधल्या लिलावात सेलिर या कंपनीची 105.05 कोटींची बोली मंजूर झाली. तिनं सगळे पैसे भरलेही. मग कर्जदार 129 कोटी घेऊन पुढे आला. बँक राजी झाली (जवळपास 24 कोटी जास्त कोणाला नकोत?), मुंबई उच्च न्यायालयानंही परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयानं मात्र 21 सप्टेंबर 2023 रोजी ती रद्द केली: लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध झाली की गहाण सोडवण्याचा हक्क संपतो. जास्त पैसे देऊ केल्यानं तो परत मिळत नाही.

दुसरा गैरसमज उलट टोकाचा. एक हप्ता चुकला म्हणून बँक दाराला टाळं ठोकत नाही. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए (अनुत्पादक) होतं, मग 60 दिवसांची मागणी नोटीस येते. या 60 दिवसांत लेखी हरकत घेतली, तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. बहुतेक जण नेमकी हीच नोटीस कपाटात ठेवून देतात.

दिवाणी कोर्टातून स्टे आणण्याच्या सल्ल्यावरही विसंबू नका. याच कायद्याच्या कलम 34 नं ती वाट जवळपास बंद केली आहे. दाद मागायची ती कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत. तिथे जायला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते, असं अजूनही सांगितलं जातं. ती अट मार्डिया केमिकल्स खटल्यात 2004 सालीच रद्द झाली. डीआरटीच्या निकालावर अपील करताना मात्र साधारण निम्मी रक्कम भरावी लागते.

जागा विकली म्हणजे कर्ज फिटलं, असंही नाही. कमी पडलेली रक्कम बँक नंतरही वसूल करू शकते. सगळं फिटून वर काही उरलं, तर ते तुमचं.

ताब्याची कारवाई झाल्यापासून डीआरटीत अर्ज करायला 45 दिवस मिळतात. वकील त्या मुदतीत गाठा.