मोटरहोमने इंग्लिश खाडी ओलांडताना

डोव्हरहून कॅलेला फेरीने दीड तास लागतो. फोकस्टनला बोगद्याच्या शटलगाडीत मोटरहोमसकट चढलं, तर 35 मिनिटांत फ्रान्स. मात्र गॅस सिलिंडर बंद हवेत. घाई नसेल, तर न्यूहेवन-दिएप ही चार तासांची फेरीच धरावी. ससेक्सचे पांढरे कडे मागे पडतात, नॉर्मंडीचे तसेच पांढरे कडे समोर येतात. दोन्हीकडचा खडू एकच आहे, आणि ते डेकवरून बघण्यासारखं आहे.

भारतीय पासपोर्ट असेल, तर ब्रिटनच्या व्हिसाखेरीज शेंगेन व्हिसा लागतो. डोव्हरला फ्रेंच तपासणी बोटीत चढण्याआधीच होते. ब्रिटनमधून दूध, तूप, पनीर, मांस फ्रान्समध्ये नेता येत नाही, तेव्हा फ्रिज आधीच रिकामा करा.

पलीकडे गाडी उजवीकडून. ब्रिटिश हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून दिव्याच्या काचेवर पट्ट्या चिकटवतात. टोल ठरतो तो उंची आणि वजनावर: तीन मीटरच्या आत आणि साडेतीन टनांपर्यंत असाल तर दुसरा वर्ग, नाहीतर त्याहून महागडा वर्ग.

खरं सुख मुक्कामाचं. फ्रान्समधल्या कितीतरी गावांनी मोटरहोमसाठी ‘एर’ नावाचे तळ राखलेत. काही फुकट, काही थोड्या पैशांत. अनेक ठिकाणी एका खांबाला पिण्याच्या पाण्याचा नळ असतो, खाली जाळीत सांडपाणी सोडायचं, शेजारी शौचालयाची टाकी रिकामी करायची. इंग्लंडमध्ये अशी सोय फार कमी. तिथे कॅम्पसाइट आधी ठरवूनच निघावं.