घरापर्यंत येणारी काचेची तार

भोर तालुका आणि ज्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे तो वेल्हे तालुका, हे दोन्ही सह्याद्रीच्या कुशीतील खोऱ्यांचे प्रदेश होत. तोरण्यासारखा १४०३ मीटर उंचीचा डोंगर आड उभा असला म्हणजे मनोऱ्यावरून निघालेल्या मोबाइलच्या लहरी पलीकडील वाडीपर्यंत नीट पोहोचत नाहीत. मार्च २०२० पासून शाळा बंद राहिल्या, तेव्हा रेंजच्या शोधात टेकडीवर जाऊन बसणारी मुले महाराष्ट्राच्या डोंगरी भागांत जागोजाग दिसली. ज्या घरी रेंज होती त्या घरचे मूल शिकत राहिले. ज्या घरी नव्हती तेथील मुलाची अक्षरओळखही पुसट झाली. हा अनुभव पालक विसरलेले नाहीत. म्हणूनच घरी फायबरची जोडणी कशी घ्यावी, ही विचारणा आज वाड्यावस्त्यांतून होऊ लागली आहे, आणि ती प्रथम होते ती बहुधा गावच्या शिक्षकापाशी.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात फायबर आली म्हणजे ती घरोघरी आली, असे नव्हे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये जी योजना मंजूर केली आणि २०१५ पासून जी ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाते, तिचा मूळ उद्देश देशातील सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याचा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमास मान्यता मिळाली. तथापि पंचायतीपासून उंबऱ्यापर्यंतचा अखेरचा टप्पा कोणा सेवा देणाऱ्या कंपनीने किंवा तिच्या स्थानिक प्रतिनिधीनेच पुरा करावयाचा असतो. वाडी मूळ गावठाणापासून दोन-तीन किलोमीटर दूर असली की सारी अडचण ह्याच टप्प्यात येते.

ही तार नेमकी कशी चालते हे कळले, तर जोडणीच्या वेळी काय पाहावे हेही आपोआप कळते. तारेच्या पोटात शुद्ध काचेचा एक तंतू असतो. वरचा लेप सोडल्यास त्याची जाडी १२५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा केवळ आठवा भाग; आणि ज्या गाभ्यातून प्रकाश वाहतो तो तर अवघा ९ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. गाभ्याच्या काचेचा अपवर्तनांक भोवतीच्या काचेहून किंचित अधिक असल्यामुळे आत शिरलेला प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने आतल्या आतच पुढे जातो. काच पुरेशी शुद्ध केल्यास अशा तंतूतून दूरवर संदेश धाडता येतील, हे चार्ल्स काओ ह्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काचेतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. भोर ते पुणे हे अंतर ५० किलोमीटर धरल्यास तो सेकंदाच्या चार हजाराव्या भागात तेथे पोहोचेल. हे गणित सातवीच्या वर्गात फळ्यावर सहज मांडता येईल.

कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू एकाच घरासाठी नसतो. रस्त्यावरील खांबावर जी लहान पेटी दिसते, तीत ‘स्प्लिटर’ नावाचे उपकरण असते. ते प्रकाश दुभागत जाते आणि ३२ किंवा ६४ घरांना वाटून देते. बत्तीस घरांसाठी पाच वेळा दुभागणी होते. म्हणजे प्रत्येक घराच्या वाट्यास मूळ प्रकाशाच्या बत्तिसाव्या हिश्शाहूनही थोडा कमीच येतो. इतका क्षीण प्रकाश एखाद्या मळक्या जोडामुळे किंवा तार खिळ्याभोवती काटकोनात वळविल्यामुळे वाटेतच नष्ट होतो. तांब्याची तार वाकवावी तशी ही तार वाकविता येत नाही. तिचे वळण निदान बांगडीएवढे तरी मोठे असावे, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच काम भागते.

अर्ज करण्यापूर्वी घरमालकाने सर्वांत जवळची पेटी कोठे आहे ते स्वतः चालत जाऊन पाहावे आणि तेथून घरापर्यंतच्या वाटेचा साधा नकाशा कागदावर काढावा. वाटेत कोणाचे शेत आहे, ओढा कोठे आडवा येतो, विजेचे खांब किती आहेत, हे त्यात असावे. कंपनीचा मनुष्य पाहणीस येतो तेव्हा अशा नकाशामुळे खर्चाचा अंदाज तेथल्या तेथे मिळतो. जोडणी ‘मोफत’ असे सांगितले जात असले, तरी ठरावीक लांबीपुढील तार, जादा खांब आणि राउटर ह्यांचे पैसे निराळे पडतात काय, राउटर मालकीचा की परतीचा, आणि मासिक आकारात वस्तू व सेवा कर धरला आहे काय, हे सारे लेखी घ्यावे. शिक्षक भाड्याच्या घरात राहत असल्यास भिंतीस भोक पाडण्यापूर्वी घरमालकाची संमती घेणे हे सभ्यतेचे, आणि पुढील भांडण टाळण्याचेही, लक्षण होय.

शेजाऱ्याच्या जागेचा प्रश्न मात्र नाजूक असतो. तार शेतावरून गेली म्हणजे जमीन गेली, अशी धास्ती पुष्कळांस वाटते. कायदा तसे म्हणत नाही. १८८५ च्या तार कायद्यातही अशा मार्गामुळे केवळ वापराचा हक्क मिळे, जमिनीची मालकी नव्हे. आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही हेच तत्त्व राखले आहे. तथापि कायद्याचे कलम दाखविण्याआधी बांधावर बसून बोलणे अधिक फलदायी ठरते. तार बांधाच्या कडेने नेली, तर चिखलणीच्या वेळी नांगराचा फाळ तिच्यावर येत नाही. आणखी एक गोष्ट ह्या भागापुरती विशेष आहे. भात व नाचणीच्या रोपांसाठी उन्हाळ्याच्या अखेरीस राब भाजतात. ज्या बांधाशेजारी दरसाल राब भाजला जातो तेथून खाली लोंबणारी तार नेणे म्हणजे ती जाळून घेणेच होय. कोठे भाजतात ते शेतकऱ्यासच ठाऊक असते. शहरातून आलेल्या कारागिरास ते कसे कळावे?

विजेच्या खांबावर तार परस्पर बांधू देऊ नये. त्यास वीज कंपनीची परवानगी लागते, आणि प्रवाह चालू असलेल्या तारांजवळ हात गेल्यास प्राणावर बेतते.

जोडणीचे काम वळिवापूर्वी, म्हणजे एप्रिलपर्यंत उरकावे. पाऊस सुरू झाला की वेल्ह्याच्या घाटमाथ्याकडील वाड्यांत शिडी लावणे कठीण, मग जोड देण्याचे नाजूक काम दूरच. दोन तंतूंची टोके यंत्रात समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून सांधतात. तेथे ओल किंवा धूळ चालत नाही. भिंतीतील भोक बाहेरच्या बाजूस उतरते असावे. तार भोकात शिरण्यापूर्वी थोडी खाली झोल देऊन मग वर घ्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते आणि घरात येत नाही. तारेचे एक-दोन वेढे भिंतीपाशी शिल्लक ठेवण्यास कारागिरास सांगावे. माकडांनी वा उंदरांनी टोक कुरतडल्यास तेच कामी येतात.

घरात यंत्र ठेवावयाची जागा मुलांच्या अभ्यासाच्या जागेवरून ठरवावी, दूरदर्शन संचावरून नव्हे. जुन्या घरांच्या दगडी भिंतींतून वायफायच्या लहरी कष्टाने जातात. यंत्र मधल्या खोलीत, डोक्याहून उंच, पण पत्र्याच्या कपाटापासून दूर असावे. काच वीज वाहून नेत नसली, तरी तारेतील आधाराची पोलादी सळई आणि यंत्रास मिळणारी घरगुती वीज ह्यांच्या वाटे आकाशातील विजेचा धक्का बसू शकतो. म्हणून गडगडाट सुरू होण्याच्या आधीच यंत्राची पिन काढावी. वीज वारंवार जाते तेथे राउटरपुरती लहान बॅटरी घेतल्यास पाठ मध्येच खंडित होत नाही.

कारागीर जाण्यापूर्वी त्याच्याकडून यंत्रापाशी येणाऱ्या प्रकाशाची मोजणी करून घ्यावी व आकडा वहीत लिहून ठेवावा. तो उणे २० डीबीएमच्या आसपास असल्यास उत्तम. उणे २७ च्या खाली गेल्यास जोड पुन्हा करावयास सांगावे. वेगही मोजावा. शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदास साडेबारा मेगाबाइट. कारण आठ बिटांचा एक बाइट होतो. ह्या वेगाने २०० मेगाबाइटचा एक पाठ सोळा सेकंदांत उतरेल. हा वेग यंत्रास तार जोडून मोजावा. वायफायवर तो कमीच दिसतो, आणि त्यावरून कारागिराशी हुज्जत घालणे योग्य नव्हे.

पुढे कधी यंत्रावरील ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाश येत नाही असे समजावे. यंत्र पुनःपुन्हा बंद-चालू करून उपयोग नाही. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि तोवर बांधावरून एक फेरी मारून तार कोठे तुटली अथवा दबली आहे ते पाहून ठेवावे. तुटलेल्या टोकास मुलांनी हात लावू नये. काचेची ती बारीक कुसळे डोळ्यांस दिसत नाहीत, पण कातडीत शिरतात. आणि टोकात डोकावून पाहणे तर कटाक्षाने टाळावे, कारण त्यातील प्रकाश अदृश्य असला तरी डोळ्यास इजा करू शकतो.